धक्का न देणारी बंदूक

ब्राह्मणाच्या घरांत बंदुकीची चर्चा चालावी आणि ती एका सेवानिवृत्त संस्कृत-शिक्षकानें चालवावी, हें वाचून कित्येक वाचक कपाळास आठ्या घालतील. माझ्या घरींहि त्या पडल्या होत्याच. "जन्मभर रूपें आणि समास सोडविलेत, आतां काडतुसें कसलीं मोजतां?" असा प्रश्न मला स्वयंपाकघरांतून विचारण्यांत आला. त्याचें उत्तर मीं त्या वेळीं दिलें नाहीं. तें आतां सविस्तर देतों.

माझी एक भाची आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत, ज्ञानगंगेच्या डोंगराकडील एका खेड्यांत शेती करते. चार वर्षांपूर्वीं तिचे यजमान वारले. मुलगा पुण्यास शिकतो. अठरा एकर जमीन, एक विहीर, एक जुना सालदार आणि सासऱ्यांच्या वेळची बारा बोअरची एकनळी बंदूक, एवढा संसार तिच्या पदरीं आला. बंदुकीचा परवाना रीतसर तिच्या नांवें झाला. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारें 205 चौरस किलोमीटरांचें आहे. तेथें बिबटे आहेत, अस्वलें पुष्कळ आहेत, आणि रानडुकरें व रोही यांना तर अभयारण्याची सीमा कोठें संपते हें कोणीं सांगितलेलेंच नाहीं. डुकरांचा कळप एका रात्रींत एकरभर मका लोळवून जातो. रोही खातो थोडें. त्याच्या पायांखालीं जातें तें अधिक. वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हें नव्यानें सांगावयास नको. कार्तिकापासून हरभरा घरीं येईपर्यंत प्रत्येक घरचा एक मनुष्य जागलीस शेतांत असतो.

गेल्या सालीं भाचीनें वनखात्याकडे अर्ज केला, पंचनामा झाला, आणि पिकाची नासाडी करणारीं डुकरें मारण्याचा लेखी परवाना तिला मिळाला. दिवाळीनंतरच्या एका रात्रीं मचाणावर बसून तिनें आयुष्यांतील पहिला बार काढला. चाप ओढण्याच्या क्षणीं तिनें डोळे मिटले, नळी खालीं गेली, आणि छर्रे डुकराच्या मागच्या पायांत बसले. जनावर ओरडत तुरींत शिरलें. पुढचे दोन दिवस त्या तुरींत कोणी पाऊल घातलें नाहीं. मजूर बायका बांधावरूनच परत गेल्या. त्यांचें चुकलें असें कोण म्हणेल? जखमी डुकराचा सुळा मांडी कशी फाडतो हें त्यांनीं पाहिलेलें होतें. तिसऱ्या दिवशीं वनखात्याचीं माणसें व गांवकरी यांनीं मिळून तें नाल्यांत शोधलें. तें अजून जिवंत होतें. तें दृश्य भाचीच्या मनांतून जाईना.

ती मजकडे आली ती खांदा धरूनच. खांद्याच्या खालीं, दंडाजवळ, तळहाताएवढा काळानिळा डाग होता. "मामा," ती म्हणाली, "मला धक्का न देणारी बंदूक सांगा. नाहीं तर ही जमा करून टाकतें, आणि शेत खंडानें देतें." शेत खंडानें देणें म्हणजे काय, हें तिला व मला दोघांनाहि ठाऊक होतें. मुलाचें शिक्षण त्या अठरा एकरांवर चाललें होतें.

आमच्या शाळेंत विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे तो तास मजकडे येई; तेवढ्या पुंजीवर मीं ह्या विषयांत हात घातला. नंतर पुस्तकें पाहिलीं, दोन निवृत्त सैनिकांस विचारलें, एका जुन्या बंदूक-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराशीं तासन्‌तास बोललों. त्यांतून जें निष्पन्न झालें तें असें.

प्रथम मृगयेविषयीं दोन शब्द, कारण ते मला टाळतां येत नाहींत. आपल्या शास्त्रकारांनीं मृगया ही कामज व्यसनांत घातली आहे; मनुस्मृतींत ती द्यूत व मद्यपान यांच्या पंगतीस बसली आहे. कौटिल्यानेंहि तिला व्यसनच म्हटलें. पण द्यूताशीं तुलना करतांना मात्र तो तिची बाजू घेतो, कारण तींत व्यायाम आहे आणि स्थिर व चल अशा दोन्ही लक्ष्यांवर नेम धरण्याचा अभ्यास आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेचे गुण गातो आणि विदूषक तिला कंटाळून गेलेला असतो. मला शिकवितांना नेहमीं विदूषकाचीच बाजू पटत आली. आज मात्र हा वाद उरलेला नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर निर्बंध आले, आणि 1991 च्या दुरुस्तीनें परवाना काढून हौसेनें शिकार करण्याची वाटहि बंद झाली. उरली ती एकच फट: जें जनावर मनुष्याच्या जीवास किंवा उभ्या पिकास घातक झालें, त्यासाठीं अधिकाऱ्याचा लेखी हुकूम. त्या हुकुमानें मारलेलें जनावरहि सरकारचें, मारणाऱ्याचें नव्हे. अर्थात् भाचीचा प्रश्न हौसेचा नव्हता. आणि ज्या कामांत प्राण्याचा जीव जावयाचा तें काम डोळे मिटून करणें हें मला मृगयेहूनहि वाईट वाटलें.

आतां धक्क्याकडे वळूं. न्यूटननें 1687 सालीं आपल्या ग्रंथांत गतीचे जे तीन नियम मांडले, त्यांतील तिसरा प्रत्येक मॅट्रिक झालेल्यास पाठ असतो: क्रियेस तितकीच व उलट दिशेची प्रतिक्रिया. बंदुकींतून छर्रे जितक्या जोरानें पुढें जातात तितक्याच जोरानें बंदूक मागें येते. त्यांत छर्रेच एकटे नसतात. त्यांच्या मागील दट्ट्या आणि जळलेल्या दारूचा वायु हीं दोन्ही नळीबाहेर पडतात व आपापला हिस्सा धक्क्यांत घालतात. बारा बोअरच्या सामान्य काडतुसांत सुमारें 32 ग्रॅम छर्रे असतात आणि ते सेकंदास सुमारें 370 मीटर वेगानें सुटतात. सर्व मिळून संवेग साडेतेराच्या आसपास भरतो. बंदुकीचें वजन 3 किलो 200 ग्रॅम असेल तर ती सेकंदास सव्वाचार मीटर वेगानें मागें येते, आणि तिच्या अंगीं 28 ज्यूल ऊर्जा असते.

भाचीची बंदूक मीं किराणा दुकानांतील कांट्यावर तोलून पाहिली. ती जेमतेम 2 किलो 700 ग्रॅम भरली. संवेग तोच, पण वजन कमी. म्हणून वेग पांच मीटर झाला, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते म्हणून ती 34 ज्यूलांवर गेली. साडेतीन किलोंचा दगड मीटरभर उंचीवरून खांद्यावर टाकावा, तेवढी ही ऊर्जा. येथें मला एक गोष्ट उमगली आणि तिचें मला हसूं आलें व वाईटहि वाटलें. सासऱ्यांच्या घरीं पूर्वीं एक जड दुनळी होती. ती विकून ही हलकी एकनळी ठेवावी, असा सल्ला कोणीं तरी दिला होता. कारण काय, तर पुढें-मागें घरांतील बायकांना उचलावयास बरी! उचलावयास ती बरीच आहे. बार काढावयास ती घरांतील सर्वांत वाईट बंदूक ठरली. बंदुकीचें वजन हा दोष नव्हे. धक्का सोसण्याच्या कामीं तें वजनच आपल्या वतीनें खांद्याआड उभें असतें. अर्धा किलो वजन वाढलें तर तीन किलोंच्या बंदुकीची धक्क्याची ऊर्जा सातव्या हिश्श्यानें उतरते.

मग रायफल घ्यावी काय? भाचीचा रोख तोच होता. परदेशांत, जेथें हरणांची शिकार कायदेशीर आहे, तेथें हा प्रश्न घरोघरीं पडतो आणि त्याचें उत्तरहि ठरलेलें आहे. 1955 सालीं अमेरिकेंत निघालेली .243 विंचेस्टर हिची गोळी साडेसहा ग्रॅमांची. साडेतीन किलोंच्या रायफलींतून तिचा धक्का सुमारें 12 ज्यूल. स्वीडनची 6.5 मिलिमीटर, 1894 ची. आणि जर्मन माउझरची 7 मिलिमीटर, 1892 ची. ह्या दोघींचा धक्का 15-16 ज्यूलांच्या घरांत. उलट 1906 ची .30-06 स्प्रिंगफील्ड बहुतेक आमच्या बारा बोअरइतकाच तडाखा देते, 27 ज्यूल. ह्यावरून ध्यानांत येईल कीं शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या सौम्य काडतुसांस अजून कोणी मागें टाकलेलें नाहीं.

ह्या 7 मिलिमीटरचा आपल्या देशाशीं संबंध आहे. इंग्रज कारागीर रिग्बी ह्यांनीं तिला .275 असें नांव दिलें. चंपावतची वाघीण, जिच्या नांवावर 436 माणसें होतीं, ती जिम कॉर्बेट ह्यांनीं 1907 सालीं मारली, आणि त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनीं त्यांना जी रायफल भेट दिली ती हीच .275 रिग्बी. ती हलकी, आटोपशीर, आणि तिचा धक्का माफक. आफ्रिकेंत बेल नांवाच्या एका स्कॉटिश शिकाऱ्यानें हजारावर हत्ती मारले, त्यांतील बरेचसे ह्याच लहान काडतुसानें. मला हत्तींचें वाईट वाटतें. पण मुद्दा टाळतां येत नाहीं कीं गोळी किती मोठी ह्यापेक्षां ती कोठें बसली ह्यावर सारें अवलंबून असतें. बेल हत्तींचीं डोकीं करवतीनें कापून मेंदू कोठें असतो हें पाहत असे. ज्यानें तेवढा अभ्यास केला नाहीं त्यानें त्याच्या काडतुसाचें अनुकरण करूं नये.

परंतु हें सर्व परदेशचें वैभव झालें. आपल्याकडे लष्करी मापाचीं काडतुसें खासगी हातांत जाऊं नयेत असें धोरण इंग्रजांच्या काळापासून चालत आलें आहे, म्हणून.303 रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाहीं. परदेशांतून हत्यार आणण्याची मुभा नामांकित नेमबाजांपुरतीच आहे. सरकारी कारखान्यांत खासगी परवानाधारकांसाठीं मुख्यतः .315 ची व .30-06 ची अशा दोन जातींच्या रायफली होत आल्या, आणि तिसरी .22 ची. ह्या कारखान्यांचें मंडळ 1 ऑक्टोबर 2021 रोजीं मोडून सात कंपन्या झाल्या, पण मालाचे प्रकार त्यामुळें कांहीं बदलले नाहींत. .315 ची गोळी जाड व जड, .30-06 चा धक्का वर सांगितलाच. म्हणजे दुखऱ्या खांद्यासाठीं परदेशांत जी मधली पायरी आहे, ती आपल्या बाजारांत बहुधा नाहींच. एके काळीं संस्थानिकांच्या व सरदारांच्या घरीं असलेल्या जुन्या .275 पैकीं एखादी कोणी विकावयास काढली तर गोष्ट निराळी. पण तिचीं काडतुसें कोठून आणणार?

उरली .22. तिची गोळी अडीच ग्रॅमांहून किंचित् जास्त, वेग सेकंदास सुमारें 330 मीटर, आणि धक्का पाव ज्यूलहि नाहीं. लहान मूल ती चालवील. भाचीचे डोळे चमकले, "मग हीच घेऊं या!" मला तिला नाहीं म्हणावें लागलें. 1959 च्या शस्त्र-कायद्यांत .22 रायफलीची खास सोय आहे ती रायफल क्लबाच्या सभासदानें नेमाचा सराव करावा यासाठीं. ऐंशी किलोंच्या रानडुकरावर ती झाडणें म्हणजे त्याला मारणें नव्हे, त्याला आठ दिवस मरावयास लावणें होय. तेंच तर तिच्या हातून एकदां घडलें होतें. हलका धक्का हवा म्हणून हलकी गोळी घेणें, ह्या तडजोडीला एक तळ आहे. त्याच्या खालीं गेल्यास आपला खांदा वांचतो आणि त्याची किंमत दुसरा कोणी देतो.

म्हणून विचार उलट बाजूनें सुरू केला. बंदूक तीच ठेवून धक्का कमी करतां येतो काय?

कारागिरानें भाचीला बंदूक खांद्याला लावावयास सांगितलें आणि एक मिनिटभर पाहून तो म्हणाला, "बाई, ही तुमच्या मापाची नाहीं." सासरे सहा फूट उंच, भाची पांच फुटांस एक इंच कमी. कुंद्याचा मागचा टेंका कोपराच्या आंतल्या वळणांत धरला असतां तर्जनीचें पेर चापावर सहज पडावें, असा एक ढोबळ नियम आहे. भाचीचें बोट चापापासून दीड इंच दूर राही. म्हणून ती नकळत कुंदा बाजूला सरकवून दंडावर टेकवी. खांद्याच्या खोबणींत जो धक्का साऱ्या अंगानें झेलावयाचा तो एकटा दंड झेली. डाग तेथेंच होता. त्यांत तिनें आणखी एक उपाय केलेला: गोधडीचा तुकडा घडी करून कुंद्याच्या मागें बांधला होता. त्यानें मऊपणा आला खरा, पण कुंदा आणखी इंचभर लांब झाला! शहाणपणानें केलेली गोष्ट उलटावी ती अशी.

दुसरी चूक बसण्याची. मचाणावर ती खांबाला पाठ टेकून बसे. त्यानें स्थिर वाटतें. उभ्या माणसाला धक्का बसला तर त्याचें सारें शरीर चार बोटें मागें झुलतें आणि तेवढ्या अवधींत धक्का पसरतो. पाठीमागें खांब असला म्हणजे शरीर झुलणार कोठें? बंदूक व खांब यांच्या मध्यें खांदा सांपडतो. तिसरी चूक भीतीची. धक्क्याला भिऊन माणूस बंदूक खांद्यापासून जराशी दूर, सैल धरतो. त्यामुळें ती बंदूक त्या बोटभर अंतरांत पूर्ण वेग घेते आणि मग आदळते. घट्ट ओढून धरली तर तीच बंदूक ढकलते, मारीत नाहीं. भिणाऱ्यालाच जास्त लागावें, हा निसर्गाचा न्याय मला आजवर आवडलेला नाहीं. पण तो येथेंहि आहे.

आणि आवाज! हें मला कोणींहि आधीं सांगितलें नव्हतें. डोळे मिटतात ते धक्क्यानें, असें आपण समजतों. पुष्कळदां ते आवाजानें मिटतात. 140 डेसिबलांच्या वरचा एक आवाजहि कानास कायमचा अपाय करूं शकतो, आणि बंदुकीचा बार त्याच्याहि वर जातो. भाची पदराचा बोळा एका कानांत घालून बसे व दुसरा मोकळा ठेवी, जनावराची चाहूल लागावी म्हणून. कारखान्यांतील मजूर वापरतात तसें कानांवरचें आवरण थोडक्या पैशांत मिळतें. तें घालून पहिला बार काढल्यावर तिचे उद्गार होते, "मामा, काडतूस ओलें होतें काय?" काडतूस चांगलें कोरडें होतें. कांहीं परदेशी रायफलींच्या तोंडावर वायु बाजूस फेंकणारी जाळी बसवितात. तिनें धक्का बराच उतरतो, पण आवाज असा वाढतो कीं बिचकणाऱ्यास ती औषधापेक्षां रोगच ठरावी.

कारागिरानें कुंदा मागून कापला, लोखंडी पट्टी काढून जाड रबराची गादी बसविली, आणि कुंद्याच्या पोकळींत शिशाचा तुकडा घालून वजन सव्वातीन किलोंवर नेलें. हिशेब करून पाहिला: 34 वरून 28 ज्यूल. आंकड्यांत फरक पांचवा-सहावा हिस्सा; पण गादीनें तो धक्का अधिक वेळांत व अधिक जागेवर पसरला, आणि जागा ती खांद्याची झाली, दंडाची नव्हे. सरावासाठीं 32 ग्रॅमांऐवजीं 28 व 24 ग्रॅमांचीं सौम्य काडतुसें वापरलीं. एका वेळीं दहापेक्षां अधिक बार काढावयाचे नाहींत, असा दंडक मीं घातला. शाळेंत मुलांना एका तासांत पंचवीस उदाहरणें घातलीं तर शेवटचीं दहा चुकतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव येथें उपयोगी पडला.

बिचकण्याची परीक्षा घेण्याची एक जुनी लष्करी रीत त्या सैनिकांनीं शिकविली. सोबत्यानें बंदूक भरून द्यावयाची. कधीं खरें काडतूस, कधीं फसवें, आणि कोणतें तें झाडणाऱ्यास सांगावयाचें नाहीं. फसव्यावर चाप ओढला म्हणजे बार होत नाहीं, पण नळीचें तोंड गपकन् खालीं जातें. आपण किती बिचकतों तें आपल्याच डोळ्यांना दिसतें. भाचीची नळी पहिल्या दिवशीं वीतभर खालीं गेली. ती शरमली. मग मीं स्वतः बंदूक हातीं घेतली. माझीहि वीतभरच गेली, तेव्हां ती हसली आणि पुढचें काम सोपें झालें.

त्याच सुमारास ती जिल्ह्याबाहेरच्या एका रायफल क्लबांत दर पंधरवड्यास जाऊं लागली. तेथें सराव .22 वर. ज्या हत्यारास मीं डुकरासाठीं नाहीं म्हटलें, त्याच्यावरच तिचा हात बसला. धक्का नाहीं, आवाज अल्प, म्हणून मन फक्त श्वासावर, माशीवर आणि चापावर राहतें. ह्या खेळांत महाराष्ट्राचें नांव मोठें आहे. अंजली भागवत ह्यांनीं एन.सी.सी.पासून सुरुवात करून 2000 सालीं सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गांठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 सालीं म्यूनिकला 50 मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या. 1 ऑगस्ट 2024 रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनीं 50 मीटर तीन आसनांच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, आणि ते .22 रायफलीवरच. ह्या स्पर्धांत रायफल आठ किलोंपर्यंत जड चालते. जिचा धक्का पाव ज्यूलहि नाहीं, तिलाहि हे लोक आठ किलोंचें वजन देतात! हें ऐकल्यावर शिशाच्या तुकड्याविषयीं भाचीनें पुन्हां कुरकुर केली नाहीं.

रात्रीच्या नेमाविषयीं मात्र मीं तिला एकच गोष्ट सांगितली, आणि ती सांगण्याचा अधिकार मला संस्कृत-शिक्षक ह्या नात्यानें आहे. अयोध्याकांडांत दशरथानें शरयूच्या कांठीं, अंधारांत, घडा भरण्याचा आवाज ऐकून हत्ती समजून बाण सोडला. तो शब्दवेधी होता. नेम अचूक बसला. आमच्या डोंगरांत अंधारांत खसफसणारें प्रत्येक कांहीं डुक्कर नसतें. 2019 च्या अखेरीस यवतमाळकडील टिपेश्वरच्या जंगलांतून निघालेला, गळ्यांत रेडिओ-पट्टा असलेला एक तरुण वाघ 1300 किलोमीटरांहून अधिक चालून ज्ञानगंगेंत येऊन राहिला होता. आणि बांधापलीकडून येणारा शेजारचा जागल्याहि अंधारांत खसफसतोच. म्हणून आधीं विजेरीचा उजेड, मग ओळख, मग त्याच्या पाठीमागें काय आहे तें पाहणें, आणि सर्वांत शेवटीं चापावर बोट.

पौषांत एका रात्रीं हरभऱ्याच्या कडेस दोन डोळे चमकले. सालदार म्हणाला, "ताई, मारा." तिनें बंदूक खांद्याला लावली. ती मला नंतर म्हणाली कीं, त्या क्षणीं आपले दोन्ही डोळे उघडे आहेत हें आपल्याला पहिल्यांदा कळलें. म्हणूनच त्या दोन डोळ्यांच्या वर, पाठीवर, आणखी दोन बारीक डोळे दिसले. अस्वलीण पिलाला पाठीवर घेऊन चालली होती. दोघांनीं डबे बडवले आणि ती निघून गेली.

फाल्गुनांत तिनें एक डुक्कर मारलें, पंचवीस पावलांवरून, एका बारांत. सकाळीं वनरक्षकास कळवून पंचनामा करविला. त्यानंतर कळप त्या बाजूस थोडे दिवस फिरकला नाहीं. नंतर पुन्हां आला. बंदुकीनें शेत राखलें जातें असें तिचेंहि मत नाहीं. अभयारण्यालगतच्या गांवांस सौर-कुंपणासाठीं साहाय्य देणारी शामाप्रसाद मुखर्जी यांच्या नांवाची जन-वन योजना आहे, तींत तिनें अर्ज केला आहे. पण सर्व बांध एकाच्या मालकीचे नसल्यामुळें शेजाऱ्यांचीं मनें वळविण्यांत तिचा उन्हाळा जावयाचा आहे. शेत खंडानें देण्याची गोष्ट तिनें पुन्हां काढलेली नाहीं.

कालच तिचा निरोप आला. आमच्या वऱ्हाडच्या उन्हानें कुंद्याच्या मागची रबराची गादी कडक होऊन तिला चिरा पडूं लागल्या आहेत. नागपूरकडे कोणी जाणार असेल तर नवी आणावयास सांगा, आणि माप विसरूं नका, असें तिनें कळविलें आहे.